वेगासाठी घेतलेली उचल

एफ-१०४ स्टारफायटर या अमेरिकी लढाऊ विमानाच्या पंखाची पुढची कड इतकी धारदार होती की विमान जमिनीवर उभे असताना तिच्यावर आवरणे चढवून ठेवावी लागत. नाहीतर खाली वावरणाऱ्या तंत्रज्ञांना ती कापायची. पंख धारदार होता तसाच तोकडाही होता. धडापासून टोकापर्यंत एका बाजूचा पंख जेमतेम सव्वादोन मीटर लांब, आणि त्याची जाडी त्याच्या रुंदीच्या साडेतीन टक्क्यांहूनही कमी. १९५४ साली हे विमान पहिल्यांदा उडाले आणि १९५८ मध्ये सर्वाधिक वेगाचा व सर्वाधिक उंचीचा असे दोन्ही जागतिक विक्रम एकाच वेळी त्याच्या नावावर लागले. असे दुहेरी यश त्याआधी कोणत्याही विमानाला मिळाले नव्हते. पण विक्रमाच्या दिवशी असो की रोजच्या सरावाच्या, प्रत्येक उड्डाणाचा शेवट व्हायचा तो धावपट्टीवरच, आणि ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी घासूनपुसून पातळ केलेला तोच पंख तिथे विमानाला अलगद खाली उतरवायला तोकडा पडायचा. १९५० ते १९६५ या काळातल्या स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान, लढाऊ विमानांची गोष्ट आपण वेगाची गोष्ट म्हणून ऐकत आलो आहोत. माझे म्हणणे असे की ती मुळात मंदगतीची गोष्ट आहे. ही विमाने वेगात कशी उडवायची हा प्रश्न अभियंत्यांनी थोड्याच वर्षांत सोडवला. ती हळू कशी उडवायची हा प्रश्न मात्र त्यांना दोन दशके पुरला, आणि त्याची किंमत बहुतेकदा वैमानिकांनी मोजली.

यातली अडचण समजायला थोडे भौतिकशास्त्र पुरे आहे. समुद्रसपाटीला ध्वनी ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर वेगाने जातो. ११ किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंशांपर्यंत थंड झालेली असते, तिथे तो १,०६० च्या घरात उतरतो. या वेगाला मॅक १ म्हणतात. विमान त्याहून हळू जात असते तेव्हा त्याच्या येण्याची वर्दी दाबाच्या लहरींमधून पुढच्या हवेला आधीच मिळते आणि हवा बाजूला सरकून वाट देते. विमानाने ध्वनीला गाठले की वर्दी आणि विमान एकदमच पोहोचतात. हवेला सरकायला सवड मिळत नाही, ती एका पातळ भिंतीसारखी दाबली जाते. हीच आघातलहर. ती उभी करण्यात इंजिनाची प्रचंड शक्ती खर्ची पडते, आणि पंख जितका जाड तितका हा खर्च झपाट्याने वाढतो: जाडी दुप्पट केली तर या प्रकारची ओढ, म्हणजे विमानाला मागे खेचणारा हवेचा विरोध, साधारण चौपट होते. म्हणून स्वनातीत विमानाचा पंख पातळ हवा, किंवा मागे कललेला हवा, किंवा दोन्ही. मागे कललेल्या पंखाची कल्पना जर्मन शास्त्रज्ञ अडोल्फ बुसेमान यांनी १९३५ सालीच रोमच्या परिषदेत मांडली होती. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक यीगर यांनी बेल एक्स-१ हे रॉकेटविमान मॅक १.०६ पर्यंत नेले, तेव्हा त्याचे धड बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे होते आणि पंख सरळ पण पातळ होते. ध्वनीची भिंत म्हणून जिचा बाऊ केला गेला होता ती अशी ओलांडली गेली. पण एक्स-१ हे प्रयोगाचे विमान होते. दुसऱ्या विमानाच्या पोटाखालून सुटायचे, काही मिनिटे उडायचे आणि विस्तीर्ण कोरड्या तळ्यावर उतरायचे. त्याला ना शस्त्रे वाहायची होती, ना पावसाळी रात्री आखूड धावपट्टी शोधायची होती.

लढाऊ विमानाला हे सगळे करायचे होते, आणि त्यातून ओढाताण सुरू झाली. नुसते दणकट इंजिन बसवून भागत नाही हा धडा अमेरिकेच्या वायएफ-१०२ ने दिला. १९५३ मध्ये उडालेले हे त्रिकोणी पंखांचे विमान कागदावर स्वनातीत होते. प्रत्यक्षात सरळ उड्डाणात मॅक १ च्या उंबरठ्यावर येऊन अडकले. उत्तर सापडले अमेरिकी अभियंते रिचर्ड व्हिटकम्ब यांच्या नियमात. या वेगाला हवेला पंख वेगळे आणि धड वेगळे असे काही दिसत नाही. नाकापासून शेपटीपर्यंत विमानाचे काप घेत गेले तर प्रत्येक कापाचे एकूण क्षेत्रफळ किती आणि ते किती हळुवार बदलते, एवढेच तिला जाणवते. म्हणजे जिथे पंख सुरू होतो तिथे धड तेवढेच आवळायला हवे. धडाला कंबर दिली, ते लांबवले, आणि डिसेंबर १९५४ मध्ये नव्या रूपातल्या त्याच विमानाने मॅक १ सहज मागे टाकले. शोध सुंदरच होता, पण त्याचीही वजाबाकी होती. कंबर आवळली की ती जागा इंधनाला, यंत्रांना आणि शस्त्रांना मिळत नाही. त्या काळच्या प्रत्येक विमानात हा अपुऱ्या पांघरुणाचा प्रकार दिसतो: डोके झाकावे तर पाय उघडे.

आता पंखाकडे पुन्हा वळू. विमानाला हवेत तोलून धरणाऱ्या बलाला साध्या मराठीत उचल म्हणता येईल. ही उचल पंखाच्या क्षेत्रफळावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. वेग निम्मा झाला की बाकी सारे तसेच राहिल्यास उचल पाव होते. मॅक २ ला जाणाऱ्या विमानाला चिमुकला पंखही पुरतो, कारण वेगच उचल पुरवतो. तेच विमान उतरायला आले की वेग सरतो, आणि मग तो पंख पुरत नाही. उपाय दोनच: नाक वर करून पंख हवेला अधिक तिरपा धरायचा, किंवा मुळात वेगातच उतरायचे. दुसऱ्या महायुद्धातले स्पिटफायर ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने धावपट्टीकडे यायचे. एफ-१०४ आणि मिग-२१ ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने यायची. वेग दुप्पट म्हणजे गतिज ऊर्जा चौपट, आणि त्यात विमानाचे वजनही दुपटीहून जास्त. ही सारी ऊर्जा चाकांच्या ब्रेकनी आणि शेपटीतून सुटणाऱ्या छत्रीने काही सेकंदांत जिरवायची. आपल्याकडे उचल या शब्दाला आणखी एक अर्थ आहे: हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, जी नंतर राबून फेडावी लागते. या विमानांनी आकाशात घेतलेली उचल नेमकी तशी होती. हिशेब धावपट्टीवर व्हायचा, आणि तिथे पैशाचे सोंग जसे आणता येत नाही तसे पंखाचेही आणता येत नव्हते.

एकाच अडचणीला निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरे दिली, आणि प्रत्येक उत्तराला स्वतःची किंमत होती. ब्रिटनच्या लायटनिंगने पंख तब्बल ६० अंश मागे कलवला आणि दोन इंजिने शेजारी न ठेवता एकावर एक रचली, म्हणजे समोरून हवेला भिडणारा आकार लहान राहिला आणि एक इंजिन बंद पडले तरी विमान बाजूला खेचले जाण्याची भीती गेली. नोव्हेंबर १९५८ मध्ये ते मॅक २ ला पोहोचले. पण धड इंजिनांनी भरले, पातळ पंखात चाके दुमडली, मग इंधन कुठे भरायचे? शेवटी पंखाच्या फ्लॅपमध्ये, म्हणजे उतरताना उचल वाढवण्यासाठी खाली वळणाऱ्या मागच्या पट्ट्यांमध्येसुद्धा, इंधन भरावे लागले, पोटाखाली टाकी चिकटवावी लागली, आणि क्षेपणास्त्रे दोनच, तीही धडाच्या बाजूंना. फ्रान्सच्या मिराज-३ ने त्रिकोणी पंख घेतला. त्रिकोणाची मुळाशी रुंदी मोठी, त्यामुळे प्रमाणात पातळ असूनही तो मजबूत होतो आणि पोटात इंधन मावते. मात्र मिराजला मागे वेगळी आडवी शेपटी नव्हती. उतरताना नाक वर ठेवण्यासाठी पंखाच्या मागच्या पट्ट्या वर वळवाव्या लागत, आणि वर वळलेली पट्टी उचल वाढवण्याऐवजी कमी करते. म्हणजे सर्वांत गरज असते त्या क्षणी पंख स्वतःलाच खाली रेटतो. सोव्हिएत मिकोयान विमान-आखणी कार्यालयाने मागे कललेल्या आणि त्रिकोणी अशा दोन्ही पंखांची नमुना-विमाने १९५५ मध्ये उडवून पाहिली आणि त्रिकोणी पंखाला आडवी शेपटी जोडलेला नमुना निवडला. तोच पुढे मिग-२१ झाला. शेपटी असल्याने पंखाला फ्लॅप लावता आले. मिराजइतका तो उतरताना कोंडीत सापडत नव्हता; पण विमानच छोटे, तेव्हा इंधनही तुटपुंजे, आणि पोटाखालची जादा टाकी जणू त्याच्या अंगाचाच भाग बनली.

इंधनाचा प्रश्न इंजिनातूनही येत होता. त्या काळचे जेट इंजिन एकट्याच्या बळावर विमानाला मॅक २ ला नेऊ शकत नव्हते. त्यासाठी आफ्टरबर्नर लागे: इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत पुन्हा इंधन फवारून जाळायचे. जोर सुमारे दीडपट होतो, इंधनाचा खप मात्र तिपटी-चौपटीवर जातो. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे अंथरूण काही मिनिटांचेच होते. म्हणून कमाल वेगाचा जो आकडा माहितीपत्रकात ठळक छापला जाई तो विमानाचा नेहमीचा वेग नव्हता, तो उड्डाणातल्या काही मिनिटांचा वेग होता. आणि ती मिनिटे वापरली की घरी परतण्याची काळजी सुरू. हवा आत घेणाऱ्या तोंडाचीही हीच कथा. मिग-२१ च्या नाकावर पुढे-मागे सरकणारा शंकू आहे. तो आघातलहर योग्य जागी धरून ठेवतो आणि इंजिनाला पचेल इतकी संथ हवा आत सोडतो. रडार बसवायला जागा उरली ती त्या शंकूच्या आत. शंकू मोठा करावा तर नाक मोठे होते, नाक मोठे केले तर ओढ वाढते. म्हणजे शत्रूपर्यंत सर्वांत वेगाने पोहोचणाऱ्या विमानाला शत्रू दिसायचा मात्र कमी अंतरावरून.

या निवडींचा सर्वांत घातक गुण असा की त्यातली कोणतीही एकटी नव्हती. एक निर्णय दुसऱ्याला ओढून आणायचा. सरळ उड्डाणात स्वनातीत जाणारे पहिले अमेरिकी लढाऊ विमान एफ-१०० सुपर सेबर मे १९५३ मध्ये उडाले. ओढ वाचवण्यासाठी त्याची उभी शेपटी आखूड ठेवली होती. लांब, जड धड आणि लहान पंख अशा विमानाने झटकन कूस बदलली की धडाचे वजनच त्याला आडवे फिरवू पाहते. अमेरिकी संशोधक विल्यम फिलिप्स यांनी १९४८ सालीच हा धोका गणिताने दाखवला होता. १२ ऑक्टोबर १९५४ रोजी नामांकित चाचणी वैमानिक जॉर्ज वेल्च यांचे सुपर सेबर सूर मारून वर येताना हवेतच फुटले आणि ते मरण पावले. ताफा जमिनीवर बसवण्यात आला, शेपटी मोठी केली, पंखही लांबवले. एफ-१०४ मध्ये याच धोक्यावर उपाय म्हणून आडवी शेपटी उभ्या शेपटीच्या टोकावर बसवली. पण आता आणीबाणीत वर फेकला जाणारा वैमानिक त्या शेपटीवर आदळेल ही भीती निर्माण झाली, म्हणून सुरुवातीच्या विमानांत आसन खालच्या बाजूने सुटणारे बसवले. उंचावर हे ठीक. उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडले तर खाली फक्त जमीन. जुलै १९५८ मध्ये आयव्हन किन्चेलो हे उंचीच्या विक्रमासाठी गाजलेले वैमानिक असेच गेले. शेवटी आसन पुन्हा वरच्या दिशेने सुटणारे करावे लागले. पातळ पंखाला उतरताना आधार म्हणून इंजिनातली दाबाची हवा फ्लॅपवरून फुंकण्याची युक्तीही याच विमानात होती. ती कामही करायची. पण त्यामुळे उतरताना इंजिनाचा जोर कमी करता येत नसे, आणि इंजिन गेले की फुंकणेही गेले. आधाराला घेतलेली काठी नेमकी पडण्याच्या क्षणी निसटायची.

यावर एक सयुक्तिक आक्षेप घेता येतो. पश्चिम जर्मनीने नऊशेहून अधिक स्टारफायटर घेतली. त्यातली २९२ कोसळली आणि ११६ वैमानिक मरण पावले. तिथल्या लोकांनी विमानाला विधवा करणारे असे नाव दिले. पण स्पेननेही हेच विमान १९६५ ते १९७२ या काळात वापरले आणि एकही गमावले नाही. मग दोष रचनेचा कसा? जर्मनीने ते चुकीच्या कामाला लावले, नवख्या वैमानिकांच्या हाती दिले, उत्तर युरोपच्या ढगाळ हवेत जमिनीलगत उडवले, देखभालीकडे पुरेसे लक्ष दिले नाही. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे, आणि १९६६ नंतर जर्मन हवाई दलाचे प्रमुख योहानेस स्टाइनहॉफ यांच्या नेतृत्वाखाली प्रशिक्षण आणि शिस्त सुधारली तेव्हा परिस्थितीही सुधारली. तरीही मला हा आक्षेप रचनेची सुटका करणारा वाटत नाही. स्पेनकडे विमाने होती अवघी २१, आणि ती मुख्यतः उंचावर, चांगल्या हवेत, ज्या कामासाठी हे विमान जन्मले त्याच कामासाठी उडत होती. कॅनडाने ते जमिनीलगतच्या हल्ल्यासाठी वापरले आणि २३० हून अधिक विमानांपैकी शंभरावर गमावली. या तीन उदाहरणांतून दिसते ते असे: स्टारफायटर स्वतःच्या अरुंद वर्तुळात उत्तम होते आणि वर्तुळाबाहेर निर्दय होते. वैमानिक थकलेला असताना, हवा बिघडलेली असताना, यंत्र थोडे चुकलेले असताना विमान किती सांभाळून घेते, ही गुणवत्ता वेगाच्या बदल्यात विकून टाकलेली होती. वर्तुळ इतके अरुंद असणे हाच रचनेचा दोष, आणि हवाई दल कोणतेही असो, त्याला वर्तुळाबाहेर जावे लागतेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९५० च्या दशकात अण्वस्त्रे वाहणारी बॉम्बफेकी विमाने उंचावरून येतील ही भीती खरी होती. ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान मिनिटाला १५ किलोमीटर कापते. रडारने ते पाहिल्यावर पहारेकऱ्याच्या हाती मोजकी मिनिटे उरतात. अशा वेळी झपाट्याने वर चढणारे आणि सरळ रेषेत धावणारे विमान हवे, बाकीचे गुण दुय्यम. त्या क्षणाच्या हिशेबाने हा निर्णय चुकीचा नव्हता, आणि तो घेणारे अभियंते मूर्ख नव्हते. स्टारफायटरचे जनक केली जॉन्सन यांनी तर कोरियात लढणाऱ्या वैमानिकांशी बोलून विमान आखले होते. त्यांना हवे होते हलके, वेगवान, उंच जाणारे यंत्र. पण विमान आखण्यापासून ते दलात रुळेपर्यंत सात-आठ वर्षे जातात आणि नंतर ते पाव शतक सेवेत राहते. ब्रिटिश सरकारने १९५७ मध्येच जाहीर केले की पुढचा काळ क्षेपणास्त्रांचा आहे. १ मे १९६० रोजी सोव्हिएत क्षेपणास्त्राने सुमारे २० किलोमीटर उंचीवरचे अमेरिकी यू-२ टेहळणी विमान पाडले आणि उंची हे संरक्षण राहिले नाही. बॉम्बफेकी विमाने जमिनीलगत उतरली, जिथे हवा दाट आणि मॅक २ अशक्य. ज्या शत्रूसाठी सगळे पणाला लावले तो शत्रूच वाट बदलून गेला, आणि विमाने मात्र त्याच पंखावर उतरत राहिली. चूक होती ती एकाच आकड्यावर सगळे लावण्यात.

प्रत्यक्ष लढाईचा पुरावाही याच बाजूला झुकतो. वळण घेणाऱ्या विमानाची त्रिज्या वेगाच्या वर्गाने वाढते. वैमानिकाला स्वतःच्या वजनाच्या पाचपट भार सोसावा लागेल असे वळण सेकंदाला २५० मीटर वेगाने घेतले तर त्रिज्या साधारण १.३ किलोमीटर येते. तेच वळण उंचावरच्या मॅक २ ला, म्हणजे सेकंदाला सुमारे ५९० मीटर वेगाने, घेता आले असे धरले तरी त्रिज्या सात किलोमीटरच्या पुढे जाते. इतक्या मोठ्या वर्तुळात शत्रू नजरेआड होतो. म्हणून झुंज सुरू झाली की वेग उतरतो, आणि वेग उतरला की पुन्हा पंखाचाच प्रश्न. ७ सप्टेंबर १९६५ रोजी भारत-पाक युद्धात, पाकिस्तानच्या सरगोधा हवाई तळावरच्या हल्ल्यात भारतीय हवाई दलाचे स्क्वाड्रन लीडर देवय्या यांच्या मिस्तेर विमानाने पाकिस्तानचे एक स्टारफायटर पाडले. मिस्तेर सरळ उड्डाणात ध्वनीच्या आतलेच विमान. स्टारफायटर त्याच्या दुपटीहून वेगवान. देवय्या परतले नाहीत, आणि त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले ते १९८८ मध्ये. १९६५ च्याच एप्रिलमध्ये व्हिएतनामवर तोफा लावलेल्या मिग-१७ या ध्वनीपेक्षा मंद विमानांनी अमेरिकेची स्वनातीत एफ-१०५ पाडली होती. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर भारताच्या मिग-२१ ने पाकिस्तानी स्टारफायटर पाडले ते शेवटी तोफेच्या गोळ्यांनी, समुद्राच्या पृष्ठभागालगत. भारताला मिळालेल्या मिग-२१ च्या आवृत्तीत अंगची तोफ नव्हतीच; क्षेपणास्त्रे आणि वेग यांच्यापुढे तोफ कालबाह्य झाली असे मानले गेले होते, आणि ती नंतर पोटाखाली जोडावी लागली.

भारताने या व्यवहाराच्या दोन्ही बाजू पाहिल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या फोक-वुल्फ १९० चे रचनाकार कुर्ट टांक १९५६ मध्ये बंगळूरला आले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली एचएफ-२४ मारुत तयार झाले. १७ जून १९६१ रोजी ते सुरंजन दास यांनी प्रथम उडवले. धड सडपातळ, पंख मागे कललेला, सारी आखणी मॅक १ च्या बऱ्याच पुढची. पण आफ्टरबर्नर असलेले ज्या जातीचे ब्रिटिश ऑर्फियस इंजिन गृहीत धरले होते ते ब्रिटनने पूर्णत्वाला नेले नाही, आणि त्याच्या विकासाचा खर्च भारतानेही उचलला नाही. हाती आले ते आफ्टरबर्नर नसलेले इंजिन. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? मारुत ध्वनीच्या उंबरठ्यापाशीच राहिले. तोच प्रश्न सोडवण्याच्या खटपटीत, आफ्टरबर्नरचे इंजिन बसवलेल्या मारुतच्या चाचणीत, जानेवारी १९७० मध्ये दास यांचा मृत्यू झाला. तरीही जमिनीलगत स्थिर उडणारे विमान म्हणून १९७१ च्या युद्धात मारुतने चांगली कामगिरी बजावली. मॅक २ हुकलेल्या विमानाने मॅक २ न लागणारे काम केले, एवढी नोंद पुरे. दुसरी बाजू मिग-२१ ची. १९६३ मध्ये ते भारतात आले, आणि पुढे त्याचे सांगाडे नाशिकजवळच्या ओझरला, इंजिने कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला बनू लागली. ओझरच्या कारखान्यातून त्याच्या अनेक आवृत्त्या बाहेर पडल्या. पुढे त्याच्या अपघातांची चर्चा झाली तेव्हा विमान म्हातारे झाले हे कारण सर्रास सांगितले गेले. वय हे कारण होतेच. पक्षी आणि देखभाल हीही होती. पण प्रगत प्रशिक्षण विमान घ्यावे ही शिफारस हवाई दलातल्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फॉन्टेन समितीने १९८२ मध्येच केली होती आणि हॉक ही प्रशिक्षण विमाने हवाई दलात आली ती २००८ मध्ये. मधल्या पाव शतकात मंद विमानांवर शिकलेला तरुण थेट अशा विमानात बसत होता जे ताशी ३०० किलोमीटरच्या खाली उतरताना फारशी चूक माफ करत नाही. वेगासाठी घेतलेल्या उचलीचे हप्ते कोण फेडत होते, ते इथे स्पष्ट दिसते.

हे सगळे टाळता येण्यासारखे होते का? ज्यांनी मंदगतीची अट सुरुवातीलाच लेखी घातली त्यांना वेगळे विमान मिळाले, हे पाहिले की उत्तर सापडते. अमेरिकी नौदलाला विमानवाहू जहाजाच्या छोट्या डेकवर उतरायचे होते; तिथे पळवाट नव्हती. म्हणून १९५५ च्या क्रुसेडर विमानाचा अख्खा पंख उतरताना सात अंशांनी वर उचलला जाई. पंख हवेला तिरपा होई, पण धड सपाट राही आणि वैमानिकाला डेक दिसत राही. स्वीडनला युद्धात धावपट्ट्या शाबूत राहतील याचा भरवसा नव्हता, विमाने महामार्गावरून उडवायची होती. म्हणून त्याच वर्षीच्या साब ड्राकेनचा पंख आत ८० अंश आणि बाहेर ५७ अंश असा दुहेरी कललेला झाला: आतला भाग वेगासाठी, बाहेरचा उतरण्यासाठी. फुकट यातले काहीच नव्हते. क्रुसेडरच्या बिजागऱ्यांचे वजन वागवावे लागले, ड्राकेनचे नाक फार वर गेले तर उचल गमावून ते एका खोल अडकणीत सापडायचे आणि वैमानिकांना त्यातून सुटण्याचे खास शिक्षण द्यावे लागे. सोव्हिएत संघाने मिग-२१ नंतर मिग-२३ मध्ये पंखच फिरता केला: उतरताना १६ अंश, वेगात ७२ अंश. लांबून हे दोन्ही जगांचे उत्तम वाटते; प्रत्यक्षात फिरत्या पंखाचा सांधा जड, देखभाल किचकट, आणि काही वर्षांनी ही पद्धत नव्या लढाऊ विमानांतून जवळपास हद्दपार झाली. तडजोड कोणालाच चुकली नाही. फरक इतकाच की काहींनी ती आधी मान्य करून आखली, काहींवर ती नंतर लादली गेली.

त्या आततायी विमानांशिवाय हे ज्ञान मिळालेच नसते, असे कोणी म्हणेल. आवळलेली कंबर, सरकता शंकू ही देणगी त्यांचीच आहे, हे निर्विवाद. पण या ज्ञानाचा निष्कर्ष काय निघाला तेही पाहावे. १९७४ मध्ये उडालेल्या एफ-१६ च्या रचनाकारांनी हवा घेणारे तोंड स्थिर, साधे ठेवले, कमाल वेगाची हाव सोडली आणि ध्वनीच्या आसपासच्या वेगात वळण्याची ताकद मागितली. राफालचा कमाल वेग मॅक १.८ आहे, एफ-३५ चा १.६, १९५८ चे स्टारफायटर मॅक २ च्या पुढे जात होते. सत्तर वर्षांत इंजिने कितीतरी बलवान झाली, संगणकाने विमान तोलून धरले, आणि तरी वेगाचा आकडा खाली आला. अभियंते दमले म्हणून तो खाली आलेला नाही. त्याची पूर्ण किंमत आता आखणीच्या पहिल्याच कागदावर मांडली जाते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ भारतीय हवाई दलातून निवृत्त झाले. यापुढे ते चौकातल्या चौथऱ्यांवर आणि संग्रहालयांच्या अंगणात भेटेल. तिथल्या फलकावर कमाल वेग लिहिलेला असेल, उतरण्याचा वेग बहुधा नसेल. तो वाचायचा असेल तर विमानाच्या मागे जावे. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये उभ्या शेपटीच्या मुळाशी एक छोटी नळकांडी दिसते. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे ते यंत्र दर वेळी जमिनीवर थांबायचे ते त्या नळकांडीतून सुटणाऱ्या कापडी छत्रीच्या जोरावर.